डेलिकाचा डावा दरवाजा

मी सेनेच्या ईएमई कोअरमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो. ईएमई म्हणजे रणगाड्यापासून रेडिओपर्यंत जे बिघडेल ते दुरुस्त करणारी माणसं. कोअरचं घर सिकंदराबादला, म्हणून मीही इथंच स्थायिक झालो. सोसायटीत आणि नातेवाइकांत माझी ओळख एकच. गाडी घ्यायची असेल तर कर्नलसाहेबांना विचारा.

अलीकडे हे विचारणं परदेशातून यायला लागलंय. आपली मुलं कॅनडात असतात, न्यूझीलंडमध्ये असतात. ती फोन करतात आणि म्हणतात, काका, जपानहून आलेली एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन बघितली आहे, घेऊ का? नाव बहुतेक वेळा एकच असतं, मित्सुबिशी डेलिका. माझ्या लेकीकडे कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कॅमलूप्स गावी, अशा दोन गाड्या एकापाठोपाठ झाल्या. दोन्हींच्या खाली मी पाठ टेकून झोपलोय. तेव्हा आज त्याबद्दल बोलू.

आधी गाडीची ओळख. डेलिका हे नाव डिलिव्हरी आणि कार या दोन शब्दांतून आलं. १९६८ मध्ये ती छोटा मालट्रक म्हणून सुरू झाली. १९८२ मध्ये तिच्या व्हॅनला फोर-व्हील-ड्राइव्ह मिळाला. पुढची पिढी १९८६ ची, परदेशात ती एल-३०० म्हणून ओळखली गेली. तुमच्यापैकी वयस्कर मंडळींनी ती पाहिलेली असेल, कारण १९९७ मध्ये महिंद्राने व्हॉयेजर नावाची व्हॅन काढली ती हीच. आपल्याकडे तिला प्यूजोचं डिझेल इंजिन होतं आणि ती मागच्या चाकांवर चालायची. १९९४ मध्ये आली स्पेस गिअर, म्हणजे पजेरोच्या यंत्रणेवर बसवलेली सात-आठ माणसांची व्हॅन. आणि २००७ पासूनची ती डी-फाइव्ह.

आता प्रश्न असा की चांगली धडधाकट गाडी जपान्याने विकली कशाला? त्याचं उत्तर यंत्रात नाही, कायद्यात आहे. तिथं नव्या गाडीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. तिला शाकेन म्हणतात. गाडी जुनी होते तसा हा खर्च अंगावर येतो, शिवाय जुन्या गाडीला कर जास्त. डिझेलचं तर आणखी एक कारण. २००१ मध्ये जपानने धुराविरुद्ध कायदा कडक केला आणि टोकियो, ओसाकासारख्या दाट वस्तीच्या भागांत जुन्या डिझेल गाड्यांची नोंदणी चालू ठेवणं अवघड झालं. दिल्लीतल्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. दहा वर्षांची डिझेल गाडी दिल्लीत चालेना, म्हणून एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्या किती इनोव्हा आणि स्कॉर्पिओ आपण पाहिल्यात! तोच प्रकार, फक्त तिथं गाडी बोटीत चढते.

उतरते कुठे, हे त्या-त्या देशाचा नियम ठरवतो. कॅनडाच्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडीही पंधरा वर्षांची झाली की तिथं आणता येते. हिशेब महिन्याचा असतो, नुसत्या वर्षाचा नाही. अमेरिकेत हीच मर्यादा पंचवीस वर्षांची. म्हणून १९९६ ची स्पेस गिअर कॅनडात २०११ पासून येऊ शकली आणि २००७ ची डी-फाइव्ह २०२२ पासून.

लेक आणि जावयांनी २०१९ मध्ये १९९६ ची डिझेल स्पेस गिअर घेतली. तेव्हा घरात दोघंच. कॅमलूप्सहून व्हँकुव्हर साधारण साडेतीनशे किलोमीटर. मध्ये कोकिहाला नावाचा घाट, माथा १,२४४ मीटर. उंची ऐकून आपले लोक हसतील, लोणावळ्याच्या दुप्पट म्हणतील. पण तिथं हिवाळ्यात बर्फ असा पडतो की मला सिक्कीमची आठवण झाली. उंच बांधणी, डिझेल इंजिन, लो गिअर आणि आत तीन रांगा, हे सगळं या एका गाडीत मिळतं. म्हणून तरुण मंडळी या गाड्यांवर जीव टाकतात.

घेताना काय बघायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, कागद. जपानी लिलावात प्रत्येक गाडीबरोबर एक तपासणीचा तक्ता असतो. वर एक दर्जा, आकड्यात. आकड्याऐवजी इंग्रजी आर असेल तर गाडी अपघातातून दुरुस्त झालेली. खाली गाडीचं चित्र आणि त्यावर अक्षरं. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे ठोकून रंगवलेलं, एस म्हणजे गंज, सी म्हणजे खोल गंज. दुसरा कागद निर्यातीच्या वेळी नोंदणी रद्द केल्याचा दाखला. त्यावर शाकेनच्या वेळी नोंदवलेलं किलोमीटरचं वाचन असतं. मीटरवरचा आकडा आणि दाखल्यावरचा आकडा यांचं जमत नसेल तर चहा पिऊन घरी या. विकणाऱ्याकडे हे दोन्ही कागद नसतील तर तो सांगेल ती गोष्ट ऐका आणि किंमत त्या गोष्टीची नाही, समोरच्या पत्र्याची लावा.

दुसरं, गाडीखालची जमीन. जपानच्या उत्तरेला, होक्काइडोकडे, रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ब्रिटिश कोलंबियातही टाकतात. म्हणजे गाडीने दोन देशांचं मीठ खाल्लेलं असतं. खाली जा, टॉर्च घ्या, लहान हातोडी घ्या. मागच्या चाकांच्या कमानी, ब्रेकच्या नळ्या, डिझेल टाकीचे पट्टे, सस्पेन्शन जिथं बॉडीला जोडलंय ती जागा. ठण् आवाज आला तर पत्रा आहे, भद् आवाज आला तर रंग आहे. खाली नवाकोरा काळा डांबरी लेप असेल तर जास्त संशय घ्या.

तिसरं, इंजिन. एल-३०० च्या काळातलं अडीच लिटरचं ४डी५६ डिझेल टायमिंग बेल्टवर चालतं. बेल्ट कधी बदलला याची पावती हवी. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. स्पेस गिअरमधलं २.८ लिटरचं ४एम४० साखळीवर चालतं. हिंदुस्तान मोटर्सने आपल्याकडे विकलेल्या पजेरोतही हेच घराणं होतं, त्यामुळे कित्येक भारतीय मेकॅनिकांना ते पाठ आहे. या दोन्ही जुन्या डिझेलांचा शत्रू एकच, उष्णता. पाणी कमी झालं, चढावर इंजिन तापलं, की हेडला तडा जाण्याची भीती. तापमानाचा काटा बराच वेळ मध्यावर शांत बसतो आणि एकदम वर जातो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून कूलंटची पातळी खाली गेली की ओरडणारा एक छोटा अलार्म बसवून घ्यायला मी जावयांना सांगितलं. तोही स्वस्तातलाच.

चौथं, फोर-व्हील-ड्राइव्ह. या शब्दाने माणसाला फाजील हिंमत येते. जुन्या एल-३०० ला पार्ट-टाइम पद्धत आहे, आपल्या जोंगा आणि जिप्सीसारखी. मध्ये डिफरन्शियल नाही, पुढची-मागची चाकं ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना बांधलेली. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती घातली तर वळणावर यंत्रणा आवळत जाते आणि काहीतरी मोडते. स्पेस गिअरच्या सुपर सिलेक्टमध्ये मधलं डिफरन्शियल आहे, म्हणून ती डांबरावरही चार चाकांवर चालते. वेळ आली तर ते डिफरन्शियल लॉक होतं आणि खाली लो गिअरही आहे. डी-फाइव्हमध्ये बटण फिरवायचं, बाकी इलेक्ट्रॉनिक्स बघतं, पण लो गिअर नाही. तिघींत फरक असला तरी एक गोष्ट सारखी. चार चाकांना ताकद मिळाल्याने गाडी लवकर सुटते, लवकर थांबत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. बर्फात थांबवतो तो टायर. ब्रिटिश कोलंबियात बहुतेक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि नक्षीची खोली किमान साडेतीन मिलिमीटर लागते. शिवाय चारही टायर एकाच मापाचे, एकसारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने असं केलं तर चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि भुर्दंड ट्रान्सफर केसला पडतो.

आता गाडी घेतली, पुढे काय? सेनेत गाडीच्या तीन परेड असतात. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. फर्स्ट परेडला तेल, पाणी, टायर, दिवे आणि गाडी उभी होती तिथं जमिनीवर डाग. हॉल्ट परेडला चारही चाकांच्या हबला हात लावून बघायचा. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. लास्ट परेडला टाकी भरायची आणि जे खटकलं ते वहीत लिहायचं. जवान दमलेला असतो, थंडीने बोटं वाकत नाहीत, तरी लास्ट परेड झाल्याशिवाय जेवण नाही. लेकीला मी हेच लावून दिलं. तिने एक वही केली, मराठीत. एका हिवाळ्यात कोकिहालाच्या अलीकडे चहासाठी थांबलो असताना तिने खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, बाबा, हिरवं थेंबतंय. होजचा क्लॅम्प ढिला झाला होता. स्क्रूड्रायव्हरचे चार आटे आणि एक लिटर कूलंट, एवढ्यात काम झालं. चढावर ते कळलं असतं तर इंजिन उतरवावं लागलं असतं.

सुटे भाग मिळतात, पण दुकानात जाऊन नुसतं डेलिका म्हणून चालत नाही. जपानी गाडीला आपल्यासारखा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर नसतो. छोटा असतो, आधी मॉडेलचं संकेतनाव आणि मग आकडे. त्यावरूनच अचूक भाग सापडतो. फिल्टर, बेल्ट, होज, ग्लो प्लग हे घरात आधीच आणून ठेवायचे. बोटीने भाग येईपर्यंत गाडी उभी राहणार असेल तर घरात दुसरी गाडी हवी. सेनेतही कोणती युनिट एकाच गाडीवर मोहिमेला निघत नाही.

आता ज्यासाठी एवढं बोललो त्या गोष्टीकडे येतो. गाडी जपानमध्ये बनली आणि जपानमध्ये आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. कॅनडात उजव्या बाजूने. लोकांना वाटतं स्टेअरिंग उजवीकडे आहे एवढाच फरक. आपल्याला तर सवयच आहे! पण हा फरक गाडीभर पसरलेला असतो.

हेडलाइट घ्या. डाव्या बाजूच्या रस्त्यासाठी बनलेला दिवा डावीकडे, फुटपाथकडे, उंच प्रकाश टाकतो. कॅनडात डावीकडून समोरची गाडी येते, तिच्या डोळ्यांवर तो जातो आणि आपला फुटपाथ अंधारात. म्हणून नोंदणीच्या तपासणीआधी दिवे बदलावे लागतात. मग ओव्हरटेक. पुढे ट्रक असेल तर उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला समोरून काय येतंय ते दिसत नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी विमा महामंडळाच्या अभ्यासात उजव्या स्टेअरिंगच्या गाड्यांचे चालक अपघाताला जबाबदार ठरण्याची जोखीम चाळीस टक्क्यांहून जास्त निघाली. क्वेबेक प्रांताने २०१० मध्ये पंचवीस वर्षांच्या आतल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाड्यांची नोंदणीच बंद केली. तेव्हा ही हौशी लोकांची कुरकूर समजू नका. लेकीच्या घरी नियम आहे की वेगळी ओव्हरटेकिंगची लेन असेल तरच पुढे जायचं, नाहीतर ट्रकच्या मागे गाणी ऐकायची. तीही फोनवरची, कारण जपानी रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. कॅनडातली बहुतेक स्टेशनं त्याच्या वर.

आणि सगळ्यात महत्त्वाचा तो मागचा सरकता दरवाजा. स्पेस गिअरला तो एकच, डाव्या बाजूला. जपानमध्ये डावी बाजू म्हणजे फुटपाथ. मूल उतरलं तर फुटपाथवर. कॅनडात डावी बाजू म्हणजे वाहता रस्ता.

२०२० मध्ये नात झाली. तान्हं मूल मागे तोंड करून बसवतात, ती सीट गाडीच्या पट्ट्याने बांधता येते, त्यामुळे काही काळ निभावलं. नात वाढली, सीट पुढे तोंड करून लावायची वेळ आली. कॅनडात अशा सीटचा वरचा पट्टा गाडीतल्या आकड्याला बांधणं सक्तीचं आहे. धडक बसली तर मुलाचं डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून. १९९६ च्या त्या गाडीत तो आकडा नव्हता. बनवणाऱ्याचा यात दोष नाही. जपानमध्ये लहान मुलांना अशा सीटवर बसवणंच २००० साली सक्तीचं झालं.

जावई म्हणाले, बाबा, आपण आकडा वेल्ड करून घेऊ, एक जण करून देतो म्हणतोय. मी त्यांना शांतपणे सांगितलं की धडकेच्या क्षणी त्या आकड्यावर मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. पातळ पत्र्यावर लावलेला आकडा रोज मजबूत दिसेल आणि नेमका त्या क्षणी पत्र्यासकट येईल. सेनेत मी माणसं वाहणाऱ्या गाडीवर असलं काम कधी मंजूर केलं नाही. जावयांचा त्या गाडीवर फार जीव. दोन दिवस घरात जरा गप्पगप्पच वातावरण होतं. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, बाबा, तुम्ही आणि हे दोघंही गाडीबद्दल बोलताय. मी रोज सकाळी पाळणाघरासमोर त्या दरवाज्यातून हिला उतरवते, माझी पाठ ट्रकांकडे असते.

त्यानंतर चर्चा उरली नाही. डिझेल गाडी एका कॅम्पिंगवेड्या जोडप्याला गेली, वहीसकट. २००७ ची डी-फाइव्ह आली. पेट्रोल इंजिन, लो गिअर नाही, जावयांच्या मते जरा मवाळ. पण तिला दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आहेत आणि मधल्या रांगेत मुलाच्या सीटचे आकडे. ते आम्ही पैसे देण्याआधी हात घालून, ओढून बघितले. कागदावर लिहिलेलं असलं तरी बघायचं. डावा दरवाजा आता आतून लॉक असतो. नात आता येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना बजावते, ट्रॅफिकवाला दरवाजा नाही, फुटपाथवाला! ओव्हरटेकचा नियम मात्र तोच, कारण स्टेअरिंग अजून उजवीकडेच आहे.

मुलं विचारतात तेव्हा मी आता एवढंच सांगतो. ही गाडी दुसऱ्या रस्त्यासाठी आणि दुसऱ्या काळासाठी बनली आहे. तिचा रस्ता आणि तुमचा रस्ता यांत जितकं अंतर आहे, तितकं रोज तुम्हाला भरून काढायचंय. ते अंतर घेण्याआधी मोजा. तिच्यात कोण बसणार, कुठे उतरणार, कोणत्या बाजूने, ते आधी लिहा. इंजिनाचं मग बघू. दोघं जण डोंगरात फिरणार असाल तर जुनी डिझेल बिनधास्त घ्या, वही ठेवा, मजा करा. मांडीवर मूल असेल तर आधी दरवाजा आणि आकडा.

शेवटी एक प्रश्न इथल्या मंडळींचा. साहेब, आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडेच, दरवाजा डावीकडेच, मग भारतात का नाही आणत? खरं आहे, आपल्या रस्त्याला ती गाडी चपखल बसेल. पण आपला आयातीचा सर्वसाधारण नियम उलटा आहे. जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, पुढे पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी हवी, आणि उतरवायची मुंबई बंदरातच. कॅनडाला पंधरा वर्षांहून जुनी चालते, आपल्याला तीन वर्षांच्या आतली. त्यावर जबर शुल्क. तेव्हा स्वस्तात जुनी डेलिका आणून देतो असं कोणी म्हणालं तर त्याचा नंबर ब्लॉक करा.

आणि तुमच्या दारात जी गाडी आहे, वॅगन-आर असो की बोलेरो, तिच्यासाठी फर्स्ट परेड उद्या सकाळपासून सुरू करा. तेल, पाणी, टायर, दिवे, खालचा डाग. पाच मिनिटं लागतात. मूल मागच्या सीटवर बसत असेल तर त्याचा पट्टा स्वतःच्या हाताने एकदा ओढून बघा. जय हिंद.